दही खाण्याची कृती

केळं सोलून खायचं असतं, हे जगात कुणाला सांगावं लागतं का? टिबट्सवाल्यांना लागत होतं. टिबट्स म्हणजे भाजीपाल्यापासून तयार जेवणापर्यंत सगळं विकणारी दुकानांची साखळी, आणि तिचं मुख्य ऑफिस विलायतेत वॉटफर्डला. त्या ऑफिसात पुण्याच्या सहकारनगरातून यतीन सबनीस हा मुलगा वर्क परमिटवर येऊन दाखल झाला होता. काम काय, तर दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या पाकिटावर जो मजकूर छापतात, तो सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहायचं. वजन, घटक, कधीपर्यंत टिकेल, आणि शेवटी एक चौकट, ‘प्रिपरेशन इन्स्ट्रक्शन्स’. म्हणजे ही वस्तू खायची कशी.

ती चौकट जेराल्ड पिमची लाडकी. पिम त्या खात्याचा प्रमुख. लांबुडका, नीटनेटका, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस. कधीतरी कुठल्याशा गिऱ्हाइकानं टिबट्सचा पाय प्लॅस्टिकच्या झाकणासकट ओव्हनमध्ये घातला होता. आता पाय म्हणजे तंगडी नव्हे, मैद्याच्या पारीत मटण-बटाटा भरून भाजतात तो पाय. पण त्या एका बावळटाची शिक्षा पिमनं अख्ख्या देशाला दिली. चौकटीपुढे लाल चांदणी मारायला लावली. लाल चांदणी म्हणजे सक्ती. चौकट भरल्याशिवाय मजकूर छपाईला जाणारच नाही. आणि ‘लागू नाही’ असं लिहून कुणी कामचुकारपणा करू नये म्हणून अमुक एवढी अक्षरं झालीच पाहिजेत, अशीही मेख मारून ठेवली.

“केळ्यांनाही?” यतीननं मीटिंगमध्ये विचारलं.

“लोकांना काय ठाऊक आहे ते आपण गृहीत धरायचं नाही, यतीन,” पिम शांतपणे म्हणाला. “केळ्यांनाही.”

‘अहो, माकडालासुद्धा कळतं ते!’ यतीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं, “नो प्रॉब्लेम.”

हे ‘नो प्रॉब्लेम’ म्हणजे आपल्या पोरांना जडलेला रोगच आहे. पुण्यात हाच यतीन भर चौकात रिक्षावाल्याशी भांडायचा, मिठाईवाल्याला तुमचं श्रीखंड आंबट आहे म्हणून तोंडावर सुनवायचा. विमानातून उतरला आणि जिभेला लकवा! परमिट त्याला इथे पाठवणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या हातात, त्या कंपनीची नाडी टिबट्सच्या हातात, आणि टिबट्समध्ये जे काही होतं ते पिमच्या मानेच्या हलण्यावर. परमिट वाढवून मिळायचं होतं. मग काय, केळ्यांना नो प्रॉब्लेम, काकड्यांना नो प्रॉब्लेम, मिठाला नो प्रॉब्लेम.

मनातलं सगळं निघायचं ते संध्याकाळी पिनरला. तिथे पुरुषोत्तमकाका कारखानीसांच्या घरी वरच्या खोलीत तो भाड्यानं राहत होता आणि जेवायला खाली त्यांच्याच टेबलावर असायचा. काका कौन्सिलातून, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालटीतून, रिटायर झालेले. दिवसभर बोलायला कुणी नसे, त्यामुळे यतीनची वाटच पाहत बसलेले असत.

“काका, आज मिठाला कृती लिहिली. ‘चवीनुसार शिंपडा.’”

“आणि पाण्याच्या बाटलीला?”

“‘झाकण उघडून प्या.’”

“हो, न उघडता पिणारेही असतात,” काका म्हणाले. “कौन्सिलात माझ्या शेजारच्या टेबलावरच होता एक.”

असे दोघं खिदळत बसले होते आणि अरुणाकाकूंनी वाढलेली दुधीची भाजी गार होत होती. काकूंनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पोळ्यांचा डबा टेबलावर आपटला. “पुरे झालं तुमचं! समोर आलंय ते गप गिळा!”

दोघांनी मुकाट्यानं घास घेतला. आणि चावता चावता यतीनला साक्षात्कार झाला. अरे, ही खरी कृती! दुधीला चालते, कारल्याला चालते, परवाच्या खिचडीला चालते. आपल्याकडे घरोघरी आया हीच एक सूचना देत आल्या, कुठल्या पाकिटावर छापायची गरज पडली नाही, आणि तरी कुणी प्लॅस्टिक भाजून खाल्लेलं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी तो ती चौकट तपासून पाहत होता. तपासायला काहीतरी खोटा मजकूर भरावा लागतो. यादीत पुढचं नाव होतं साधं दही. यतीननं ‘गप गिळा’ असं इंग्रजी अक्षरांत टंकलं. चौकट म्हणाली, अक्षरं कमी पडतात. मग त्यानं काकूंचं वाक्य पुरतं घातलं. Samor aalay te gap gila. चौकटीनं ते आनंदानं गिळलं आणि हिरवी खूण दाखवली. यतीन एकटाच पोट धरून हसला, काकांना सांगायचं असं ठरवलं, आणि जेवेपर्यंत विसरूनही गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तपासलेला मजकूर खऱ्या यंत्रणेत हलवण्याचं काम पुण्याच्या ऑफिसातला संजय करायचा. अस्सल मराठी मुलगा. दोन ओळी वाचल्या असत्या तरी त्याला कळलं असतं. त्यानं वाचल्या नाहीत. पुढे यतीननं त्याला फोनवर फैलावर घेतलं, तेव्हा तो उलट यतीनवरच डाफरला.

“तू मेलमध्ये काय लिहिलंस? सगळं हलव. मी हलवलं. वाच, असं कुठे लिहिलं होतंस?”



जानेवारीत टिबट्सचं दही दुकानात आलं. यतीन पिनरच्या दुकानात दूध घ्यायला गेला आणि शेल्फवर त्याला काकूंचं वाक्य दिसलं. एका डब्यावर नाही, रांगच्या रांग. हातातलं दूध तिथेच ठेवून तो घरी परतला.

सकाळी पिमनं बोलावलं. टेबलावर दह्याचा डबा. पिमनं चष्मा लावला आणि मोठ्या मेहनतीनं वाचलं, “सॅमर आले टी गॅप जायला. हे काय आहे, यतीन?”

त्या क्षणी यतीनला आपली सूटकेस दिसली, हीथ्रो दिसला, सहकारनगरातल्या जिन्यात ‘काय, परत आलास?’ म्हणून विचारणारे शेजारी दिसले. आणि काय बोलतोय हे कळायच्या आत तो बोलून गेला, “आमच्या भागातली म्हण आहे.”

“असं? अर्थ काय तिचा?”

“जे तुमच्यासमोर येईल, ते… मौन राखून ग्रहण करा.”

बघा आता. अक्षर न् अक्षर तपासलं तर खोटं काय होतं? समोर येईल ते, बरोबर. गप, म्हणजे मौनच. गिळा म्हणजे ग्रहण करा, नाही तर काय! इंग्रजीत तर ते एखाद्या दाढीवाल्या बाबाच्या तोंडी शोभेल इतकं गंभीर वाटलं. पिमनं चष्मा काढला आणि यतीनकडे जरा वेळ पाहिलं.

“मौन राखून,” तो म्हणाला. “लव्हली.”

पुढच्या खेपेला डब्यावर कमळ आलं. कमळाखाली ते वाक्य तिरक्या अक्षरांत, आणि त्याखाली बारीक टाइपात यतीनचा अर्थ. योगासनाच्या क्लासवरून घरी निघालेल्या गोऱ्या बायका ते दही नेऊ लागल्या. इकडे हॅरोपासून ईलिंगपर्यंतच्या मराठी घरांत फोनाफोनी झाली, आणि मराठी बायका चारचार डबे नेऊ लागल्या. त्यांना कमळाशी देणंघेणं नव्हतं. पिनरला अरुणाकाकूंनी एका सकाळी काही न बोलता डबा काकांच्या पुढ्यात ठेवला, वाक्य त्यांच्याकडे येईल असा फिरवून.

“बरं झालं हो,” काकू यतीनला म्हणाल्या. “माझे बोलायचेसुद्धा कष्ट वाचले.”

सगळं जग हसत होतं आणि यतीनचं मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललेला. कुणीतरी पिमला खरा अर्थ सांगणार, ही भीती त्याला सुखानं खाऊ देईना. आणि सांगू शकेल असं एक माणूस त्याच इमारतीत होतं. मार्केटिंगमधली ऋजुता. ईलिंगला जन्मलेली, आजीच्या मांडीवर वाढलेली, आणि मराठी अशी की ऐकणाऱ्यानं लिंग आपापलं लावून घ्यावं. ती एकदा लिफ्टमध्ये भेटली.

“हाय! तुझा दही मला खूप आवडली,” ती म्हणाली आणि फसकन हसली.

यतीननं स्वतःची समजूत घातली, जिला दह्याचं लिंग कळत नाही तिला ‘गप गिळा’ काय कळणार? तरी त्या दिवसापासून तो जिन्यानं जाऊ लागला.

घाबरलेल्या माणसाइतका चांगला नोकर नाही. शनिवारी येशील का? नो प्रॉब्लेम. संजयच्या चुका निस्तरशील का? नो प्रॉब्लेम. ईस्टरला सगळे सुट्टीवर आहेत, तू बघशील ना? बघेन की. पिमनं जे जे पुढ्यात टाकलं ते यतीन उपसत गेला. मनात हिशेब एवढाच, की माणूस खूश असला म्हणजे उद्या कळलंच तरी सांभाळून घेईल.

आणि मे महिन्यात पुण्याला वैभवीचं लग्न होतं. वैभवी म्हणजे यतीनची धाकटी आणि एकुलती एक बहीण. तारीख ठरली तेव्हा तिनं फोनवर बजावलं होतं, “दादा, कान पिळायला तू हवास हं. नाही तर मी बोहल्यावरून उतरेन.” नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेवाकडून भेट उपटतो. हौसेचा प्रकार, पण ज्या बहिणीला एकच भाऊ, तिच्या लेखी तो खेळ नसतो.

यतीननं ऑफिसच्या किचनमध्ये, किटलीपाशी, पिमला गाठलं. “माझ्या बहिणीचं मेमध्ये लग्न आहे.”

“लव्हली!” पिम म्हणाला आणि बिस्किट घेऊन गेला.

यतीन थांबला. आपल्याकडे कसं असतं? साहेबाला ‘बहिणीचं लग्न आहे’ एवढं म्हटलं की साहेबच ओरडतो, ‘मग इथे काय करतोयस? बॅग भर!’ मागायचं काय त्यात? लग्नाला जायची रजा ही का तोंड वेंगाडून मागायची गोष्ट आहे? यतीननं आठवड्यानं पुन्हा खडा टाकून पाहिला. “लग्न बरंच मोठं आहे. सगळे येणार आहेत.”

“असणारच,” पिम म्हणाला. “तुमची लग्नं रंगीबेरंगी असतात, नाही?”

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! अरे बाबा, भांडं दाखवल्याशिवाय तो ताक कशात ओतेल? पण यतीनच्या तोंडाला दह्यानंच कुलूप घातलेलं. रजा मागावी, आणि त्यानं चष्मा काढून पुन्हा तसंच बघावं, तर? एप्रिलात पिमनंच विचारलं, “तयार जेवणांचा सगळा मजकूर मेमध्ये चालू होतोय. तू इथेच असशील ना?”

“नो प्रॉब्लेम,” यतीन म्हणाला.

घरी त्यानं फोन केला. साहेब रजा देत नाही, म्हणाला. आईनं फोन वैभवीकडे दिला. वैभवी म्हणाली, “असू दे रे दादा. परक्या देशात तू तरी काय करणार.” ज्या दिवशी तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या, त्या दिवशी तो वॉटफर्डला बसून मॅकरोनी चीजच्या पाकिटाला गरम करण्याआधी भोकं किती पाडावीत ते लिहीत होता.

जुलैत लग्नाच्या फोटोंची सीडी आली. खोलीत बसून यतीन एकेक फोटो पुढे सरकवत गेला. हळद, सीमांतपूजन, अंतरपाट. मग कानपिळी. नवरदेवाचा कान धरून दात काढत उभा होता उदय, मोठ्या मावशीचा मुलगा, ज्याच्याशी वैभवीचं लहानपणापासून एक क्षणही पटलं नाही. आजूबाजूचे सगळे हसत होते. वैभवीचा चेहरा पाहून यतीननं लॅपटॉप मिटला आणि तो रडला. हुंदके देऊन रडला. काकूंनी खालून दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

बस झालं, त्यानं ठरवलं. ज्याच्या भीतीनं बहिणीचं लग्न घालवलं ती भीती तरी आता कशाला सांभाळायची? दुसऱ्या दिवशी तो थेट पिमच्या केबिनमध्ये शिरला आणि उभ्या उभ्या सगळं ओकला. म्हण वगैरे काही नाही. तपासणीसाठी टंकलेलं वाक्य आहे. खरा अर्थ असा, की ताटात पडलंय ते तोंड बंद करून गिळा. आमच्याकडे वैतागलेल्या आया म्हणतात.

पिमनं चहाचा घोट घेतला. “माहीत आहे मला,” तो म्हणाला.

“माहीत आहे?”

“ऋजुतानं सांगितलं. तू बाहेर गेलास आणि मी तिला विचारलं. हसून हसून तिला खुर्चीत बसवेना.”

“कधी? जानेवारीत?”

“जानेवारीतच.”

“मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?”

“दही उत्तम खपत होतं,” पिम म्हणाला. “आणि तुला बोलून काय मिळालं असतं? तू त्यानंतर इतकं सुंदर काम करत होतास.” हे त्यानं अगदी मनापासून, शाबासकी दिल्यासारखं म्हटलं. वर परमिटचं पत्र आपण मागच्याच महिन्यात पाठवल्याचंही सांगितलं.

“मेमध्ये माझ्या बहिणीचं लग्न होतं,” यतीन म्हणाला. “मी गेलो नाही.”

पिमनं कप खाली ठेवला. त्याला खरोखरच धक्का बसला होता; त्या लांबुडक्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. “गुड लॉर्ड! का नाही गेलास?”

“तयार जेवणं चालू होत होती.”

“पण तू रजा मागितलीच नाहीस, यतीन! मी दिली असती.”

आता सांगा, कुणाच्या नावानं बोटं मोडायची? मनातलं सगळं जाणून जानेवारीपासून मूग गिळून बसलेल्या त्या साळसूद माणसाच्या? मोडा, पोटभर मोडा. त्याला ती पोचतातच. सहा महिने भ्यालेला माणूस त्यानं फुकटात राबवून घेतला. पण त्या बेट्याचं एक वाक्य खोटं नव्हतं, आणि यतीनला नेमकं तेवढंच वाक्य सोसवत नव्हतं.

“बरं,” पिम म्हणाला, “लहान मुलांच्या दह्यावरही तेच वाक्य घेतोय आपण. शनिवारी मजकूर चढवायचा आहे. जमेल ना?”

“नो प्रॉब्लेम,” यतीन म्हणाला आणि बाहेर आला.

दारातच ऋजुता भेटली. तिला बहुधा काचेतून दिसलं असावं. “सॉरी हां,” ती म्हणाली, “मला वाटला तुला माहीत आहे. तो मला विचारला, मी सांगितला. माझा आजी रोज म्हणायचा ना, गप गिळ.” त्यात लपवण्यासारखं काही असतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत यतीननं रस्त्यावर उभं राहून कॉलिंग कार्डावरून वैभवीला फोन लावला. दह्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कमळाशी आल्यावर ती इतकी हसली की शेजारून तिचा नवरा काय झालं म्हणून विचारू लागला. यतीनला बरं वाटलं. मग त्यानं उरलेलंही सांगितलं.

“आणि शेवटी नालायक मला म्हणतो काय, मागितली असतीस तर रजा दिली असती!”

पलीकडचं हसू थांबलं. “म्हणजे तू मागितलीच नव्हतीस?”

“अगं, दोनदा सांगितलं त्याला, बहिणीचं लग्न आहे म्हणून. एवढं कळू नये माणसाला?”

“मला तर म्हणालास, देत नाही.”

यतीननं हातातलं कॉलिंग कार्ड उलटंसुलटं केलं.

“दादा, कान पिळायच्या वेळी मी गुरुजींना थांबवून ठेवलं होतं,” वैभवी म्हणाली. “मला वाटत होतं, तू न सांगता येशील. तुला सवय आहे ना तशी. ते चिडले, मुहूर्ताची कामं खोळंबलीत म्हणाले. मग आईनंच उदयला पुढे केलं. आणि जो विचारेल त्याला मी सांगत होते, दादाचा काही दोष नाही, त्याचा साहेबच दुष्ट आहे. अख्ख्या मांडवाला सांगितलं रे मी.”

एक बस गेली. यतीननं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

“आणि आज?” वैभवीनं विचारलं. “आज तरी मागितलीस का?”

“बघतो गं,” यतीन म्हणाला. “या शनिवारी जरा काम आहे.”